प्रतिसाद: हापूसच्या कोयीतून हापूसच येईल का?

वर विचारलंय, घरी खाल्लेल्या हापूसची कोय लावली तर तोच आंबा मिळेल का. नाही. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीभवनातून तयार झालेला. निम्मे गुण परागकणाचे, आणि ते कुठल्या झाडावरून आले ते मोहोरावर बसणाऱ्या माश्यांनाच ठाऊक. केरळच्या ओलूर, चंद्रकारन या जातींचं गणित वेगळं. त्यांच्या एका कोयीतून अनेक रोपं फुटतात आणि त्यांतली बहुतेक बीजांडाच्या पेशींपासून, म्हणजे फलनाशिवाय झालेली, हुबेहूब आईसारखी असतात. थोडक्यात, बी लावूनही अलैंगिक पुनरुत्पादन!

हापूससाठी कोय कलमच करा, म्हणजे कोयीच्या कोवळ्या रोपावर हापूसच्या झाडाची काडी जोडा, पावसाळ्याच्या सुरुवातीला. रायवळ (गावठी) आंब्याची ताजी कोय रुजवा. रोप १०-१५ दिवसांचं, पानं अजून तांबूस असताना ७-८ सेंमी उंचीवर छाटा. मधोमध ४-५ सेंमी खाच द्या. काडी तीन-चार महिन्यांची, रोपाइतकीच जाड, डोळा (टोकाचा कोंब) फुगलेली. तिची पानं आठ दिवस आधी देठ ठेवून कापलेली हवीत. हे बहुतेक जण टाळतात आणि मग डोळा फुटतच नाही. काडीला पाचरीसारखा काप देऊन खाचेत बसवा, प्लॅस्टिक पट्टीने घट्ट बांधा. जाडी जुळत नसेल तर निदान एका बाजूची साल सालीला भिडवा. जोडात पावसाचं पाणी शिरलं की काडी काळी पडते, म्हणून कलमं आडोशाला ठेवा. जोडाखालचे फुटवे दिसताच खुडा, नाहीतर काडी मरून रायवळच वाढतो.