मदत हवी आहे: अंधाराच्या महिन्यांतलं नैराश्य आणि रोजची कृतज्ञता-वही

सांजसावली (धागाकर्ती):

नमस्कार मंडळी,

दिवस लहान व्हायला लागले की माझं मन खचायला लागतं. दरवर्षी. झोप वाढते आणि कितीही झोपलं तरी अंग जडच राहतं. गोड आणि पिष्टमय काहीतरी खावंसं सतत वाटतं. फोन वाजला की स्क्रीनवरचं नाव वाचते आणि तो तसाच वाजू देते, मग माणूस कितीही जिवाभावाचं असो. दिवस पुन्हा मोठे झाले की हे सगळं ओसरतं. डॉक्टरांनी निदान केलंय: ऋतूबरोबर येणारं नैराश्य, सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर. औषध चालू आहे, ठरल्या वेळी भेटी होतात, त्या बाजूने मी निर्धास्त आहे. विचारायचंय ते वेगळंच.

ज्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा तीन गोष्टी रोज रात्री लिहून काढायच्या, असं समुपदेशकांनी सुचवलं. उजेडाचे महिने होते तोवर छान जमलं. लिहायला बसलं की तिनाच्या पाच व्हायच्या. आता वहीत काय असतं ते जसंच्या तसं देते:

"राहायला घर आहे. आईबाबांची तब्येत बरी आहे. नोकरी टिकून आहे."

दुसऱ्या दिवशीही हेच, फक्त क्रम वेगळा. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. आणि शेवटचा पूर्णविराम दिला रे दिला की डोक्यात पुढचं वाक्य उमटतं: 'एवढं सगळं असताना तुला काय धाड भरलीय?' मग ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही अशी माणसं आठवतात, स्वतःची लाज वाटते आणि दिवा मालवल्यावरही तेच डोक्यात घोळत राहतं. जिने मन हलकं व्हायला हवं ती वही माझ्यावरचं आरोपपत्र होऊन बसली आहे.

तरी सोडवत नाही, कारण चांगल्या दिवसांत तिचा उपयोग झालेला मी अनुभवलाय. ज्यांना हा त्रास आहे आणि ज्यांनी असं लेखन टिकवलंय, त्यांनी ते नेमकं कसं केलं? काय लिहिता? रोजच लिहायला हवं का? रात्रीचीच वेळ का? आणि मुळात या आजारात कृतज्ञतेकडून किती अपेक्षा ठेवावी? जरा सविस्तर सांगाल तर फार मदत होईल.

वाटसरू:

सांजसावली, तुमच्या त्या तीन ओळी वाचल्यावर लिहिल्यावाचून राहवलं नाही. मलाही हाच आजार आहे आणि माझ्या वहीचं वळण बदललं ते एका गोष्टीमुळे: 'आहे'ची यादी बंद केली आणि 'आज घडलं' ते लिहायला लागलो.

घर काल होतं, आज आहे, उद्याही असेल. त्यात मनाला नवीन असं काही सापडत नाही, त्यामुळे मन मोकाट सुटतं आणि स्वतःलाच बोल लावायला जातं. याउलट माझ्या वहीतली एक नोंद बघा: "लिफ्टचं दार बंद होत होतं. आतल्या बाईंनी हात घालून ते अडवलं. त्यांच्या दुसऱ्या हातात दोन जड पिशव्या होत्या. बहुतेक माझी चाल बघून त्यांना कळलं असावं की मी जिना चढण्याच्या अवस्थेत नाही." एवढंच. हे त्या दिवशीच घडू शकत होतं. ते लिहिताना मला त्या पिशव्यांचे ताणलेले बंद पुन्हा दिसले, आणि तेवढा वेळ मी माझ्या डोक्यातून बाहेर होतो.

यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. ते 'का घडलं' याचं उत्तर आहे. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना आठवडाभर रोज रात्री चांगल्या घडलेल्या तीन गोष्टी आणि प्रत्येकीचं कारण लिहायला सांगितलं होतं. त्यांची नैराश्याची लक्षणं सहा महिन्यांपर्यंत कमी राहिलेली आढळली, आणि ज्यांनी आठवडा संपल्यावरही आपणहून लिहिणं चालू ठेवलं त्यांना जास्त लाभ झाला. सगळीकडे सांगताना 'तीन गोष्टी' एवढंच सांगितलं जातं, कारणाचा भाग गळतो. माझ्या मते अर्धी किमया त्या कारणात आहे.

तीनच हव्यात असाही हट्ट नको. वाईट दिवसात एक पुरते.

आभाळमाया:

मी समुपदेशक आहे, आणि हिवाळी नैराश्य असलेल्या लोकांबरोबर बरंच काम केलंय. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी गुंतल्यात, त्या सोडवून सांगते.

पहिली गोष्ट अपराधीपणाची. अवाजवी अपराधी वाटणं हे नैराश्याचं लक्षणच आहे, निदान करताना ते विचारात घेतलं जातं. म्हणजे 'तुला काय धाड भरलीय' हा आवाज तुमच्या विवेकाचा नाही, आजाराचा आहे. तो वही नसती तरी दुसरीकडून आला असता. पण 'माझ्याकडे काय काय आहे' अशी मांडणी केली की तुलना आपसूक येते, आणि तुलना त्या आवाजाला आयतं खाद्य पुरवते. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्यांना अंधाराच्या महिन्यांत घर, प्रकृती, नोकरी असले मोठे विषय वहीत आणूच देत नाही. 'निदान मला एवढं तरी आहे' या चालीची वाक्यंही नकोत. वाटसरूंनी दिलेली लिफ्टची नोंद पाहा, तिथे कुणापेक्षा नशीबवान असण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरी गोष्ट अपेक्षेची. इथे मी स्पष्टच लिहिते, कारण समाजमाध्यमांवर कृतज्ञतेला रामबाण करून टाकलंय आणि त्याचा त्रास आजारी माणसालाच होतो. डेव्हिड क्रेग आणि जेनिफर चीव्हन्स यांनी कृतज्ञतेच्या उपायांवरचे २७ अभ्यास एकत्र करून तपासले. नैराश्यावर आणि चिंतेवर परिणाम दिसला, पण तो लहान होता. लहान म्हणजे शून्य नव्हे, पण उपचाराच्या जागी ठेवण्याइतका मोठाही नव्हे. तुम्ही वही नेटाने लिहूनही नैराश्य हटलं नाही, तर त्यात तुमच्या कृतज्ञतेचं काही कमी पडलेलं नाही.

या आजारात उजेडाचा भाग मोठा आहे. नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, त्याच लेखात प्रकाशोपचाराचे सुरुवातीचे निष्कर्षही होते. आज साधारणपणे १०,००० लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) दिवा सकाळी उठल्यावर लवकर, २० ते ३० मिनिटं वापरतात. त्याच्याकडे टक लावून बघायचं नसतं, तो थोडा बाजूला ठेवून आपलं काम करायचं. घरातल्या नेहमीच्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्सच्या आसपास असतो, म्हणून 'खोलीत भरपूर दिवे लावलेत' याने काम भागत नाही. आभाळ भरलेलं असलं तरी दिवसाचा बाहेरचा उजेड घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. दिवा घेण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं: डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, बायपोलर डिसऑर्डर असेल किंवा प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारं औषध चालू असेल, तर तो अपायकारक ठरू शकतो.

हे इतकं सांगायचं कारण, माझा सल्ला वही आणि उजेड या दोन्हींची सांगड घालण्याचा आहे. वही रात्रीची काढून सकाळी आणा. उजेडासमोर बसायचंच आहे ना, मग तेवढ्यात कालच्या दिवसातली एक गोष्ट लिहा. रात्री थकलेलं मन उगाळत बसतं, आणि लिहून झाल्यावर समोर फक्त अंधार आणि अंथरूण असतं. सकाळी लिहून झालं की पुढचा दिवस हाताशी असतो. शिवाय वहीसाठी उठलात तर उजेडाची वेळ पाळली जाते, आणि खरी गरज त्याचीच आहे.

चिमणपाखरू:

मला स्वतःला नाही, माझ्या नवऱ्याला हा त्रास आहे. घरच्यांसाठी एवढंच लिहिते: 'बघ, आपल्याकडे किती काय आहे' असं त्याला म्हणू नका. मी त्याऐवजी त्याच्याबद्दलची माझी एक ओळ चिठ्ठीवर लिहून त्याच्या वहीत ठेवते. "काल तू मुलीचे मोजे शोधून दिलेस, माझी मीटिंग वेळेवर सुरू झाली." तो त्यावर काही बोलत नाही. पण चिठ्ठ्या त्याने जपून ठेवल्यात.

सांजसावली:

सगळ्यांचे मनापासून आभार. चिमणपाखरू, तुमची चिठ्ठी वाचून डोळे भरून आले.

आभाळमाया ताई, सकाळची कल्पना एकदम पटली. दोन शंका आहेत. कालच्या दिवसात खरंच काही सापडलं नाही तर? असे दिवस असतात, दिवसभर मी पांघरुणातच असते. आणि 'रोज' याबद्दल तुमचं मत काय? एक दिवस चुकला की माझं सगळंच सुटतं.

आभाळमाया:

रोजचं आधी. याबाबत अभ्यास एकमुखी नाहीत. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ यांच्या २००३ च्या गाजलेल्या संशोधनात एका गटाने आठवड्यातून एकदा लिहिलं होतं आणि दुसऱ्या प्रयोगात रोज, फायदा दोन्हीकडे दिसला. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात मात्र आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. त्यामुळे 'रोज' हा शब्द दगडावरची रेघ समजू नका. उजेडासमोर रोज बसा, वही मनात आलं तर उघडा. आठवड्यात दोनतीन नोंदी झाल्या तरी मला त्या पुरेशा वाटतात.

काही सापडलं नाही तर ओढूनताणून लिहू नका. मनात नसलेली कृतज्ञता कागदावर उतरवली की आपण खोटं बोलतोय असं वाटतं, आणि अपराधीपणाला आणखी एक कारण मिळतं. त्या दिवशी फक्त जाणवलेलं लिहा, ते चांगलं असायलाच हवं असं नाही. "पांघरुणाची कड गार होती, मधला भाग ऊबदार होता." बस. तारीख घालून पान मोकळं सोडलंत तरी चालेल.

आणि जमेल त्या दिवशी एखादी नोंद त्या माणसाला कळवा. दोन ओळींचा मेसेज, फोनची सक्ती नाही. या आजारात माणूस लोकांपासून तुटत जातो, आणि तुमचा न उचललेला फोन हे त्याचंच रूप आहे. वहीत राहिलेलं आभार मानणं तुमच्यापुरतं राहतं, पाठवलेल्या मेसेजला उत्तर येतं. केली रोहन यांनी हिवाळी नैराश्यासाठी खास बेतलेल्या विचार-वर्तन उपचारातही (सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर काम करणारी बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) माणसाला पुन्हा कृतीकडे आणि लोकांकडे वळवण्यावर भर आहे. त्यांनी १७७ जणांवर प्रकाशोपचाराशी तुलना केली तेव्हा सहा आठवड्यांनंतर दोन्ही गट सारखेच सुधारले होते, पण दुसऱ्या हिवाळ्यात नैराश्य परतण्याचं प्रमाण या उपचाराच्या गटात सुमारे २७ टक्के आणि प्रकाशोपचाराच्या गटात सुमारे ४६ टक्के होतं. तुमच्या समुपदेशकांना याबद्दल जरूर विचारा.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलेलंच बरं, असे विचार यायला लागले तर त्या दिवशी वही बाजूला ठेवायची आणि डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन करायचा. घरातल्या एका माणसाला हे आत्ताच, बरं वाटत असताना सांगून ठेवा, म्हणजे तेव्हा शब्द शोधावे लागणार नाहीत.

वाटसरू:

मेसेजच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन. मी एका जुन्या सहकाऱ्याला त्याने पूर्वी केलेल्या मदतीबद्दल तीन ओळी लिहिल्या होत्या. आता तो दर आठवड्याला मला चालायला बाहेर काढतो, उजेड असतानाच.

सांजसावली:

बहिणीला आत्ताच सांगितलं, दोन्ही: वाईट विचार आले तर काय करायचं ते, आणि मागच्या आठवड्यात ती माझ्यासाठी औषधाच्या दुकानात जाऊन आली त्याबद्दल. दुसऱ्या मेसेजवर तिचा लगेच फोन आला आणि मी तो उचलला. दिव्याचं डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारते, चालू औषधाचं नावही सोबत नेते. तोवर सकाळी खिडकीशी बसून लिहीन. कसं जमतंय ते याच धाग्यावर कळवते.