सामायिक सुविधा केंद्र: मोकळा हॉल की भिंती?

अनेकांनी मिळून वापरायच्या यंत्रांच्या अशा केंद्राबद्दलच्या मूळ पोस्टमधला दावा असा (खाली त्यावरची चर्चा): ‘शिकाऊ पोरं, संशोधक, उद्योजक सगळे एकाच मोकळ्या हॉलमध्ये बसवा. यंत्रंही तिथेच. सहकार्य आपोआप होईल.’

मायक्रॉन: आपोआप फक्त गंज होतो. सीएमएमचं, म्हणजे भागांची मापं अचूक घेणाऱ्या यंत्राचं, मोजमाप २० अंश सेल्सिअस धरून असतं. पोलाद मीटरमागे, अंशामागे साधारण ११.५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. ३०० मिमीचा जॉब, म्हणजे मोजायचा भाग, ३० अंशांवर मोजलात की सुमारे ३५ मायक्रॉनची चूक पदरात, आणि वर दोष ऑपरेटरला. शेजारीच ग्राइंडिंग शिकवणार? ती धूळ सीएमएमच्या ग्रॅनाइटच्या टेबलावर बसते. मोजमापाची खोली वेगळीच हवी, तीही तळमजल्यावर.

लेथवाला: वेगळी खोली म्हणजे कुलूप. किल्ली संशोधकाकडे, पोरांच्या वाट्याला घासलेला लेथ. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ साली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची खुली कार्यशाळा, सुरू झाली, ती काय वातानुकूलित खोलीच्या जोरावर?

मायक्रॉन: फॅब लॅबला सीएमएम लागत नाही. उदाहरण तरी धड द्या.

कॉम्प्रेसरकाका: भांडा खुशाल. त्या सीएमएमचे सरकते भाग तोलणारी एअर बेअरिंग चालतात कशावर? हवेवर. केंद्राच्या नकाशात दाबाच्या हवेची लाइन कुठे आहे?

घाटमाथा: हवेचं एवढं काय? पीव्हीसी पाइप टाका, स्वस्तात होतं.

कॉम्प्रेसरकाका: पीव्हीसी?! दाबाखाली फुटला की काचेसारखे तुकडे उडतात, तेही शिकणाऱ्यांच्या डोक्यावर. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची रिंग लाइन (फिरून स्वतःलाच मिळणारा पाइप) करा, १०० ला १ उतार द्या, सगळ्यात खालच्या जागी पाणी सोडायचा ड्रेन. टॅपिंग, म्हणजे यंत्राकडे जाणारा फाटा, पाइपच्या वरच्या अंगाने काढायचं. खालून काढलंत तर साचलेलं पाणी सरळ यंत्रात. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीचा ड्रेन रोज उघडायचा. हवा सुकवणारा ३ अंश दवबिंदूचा ड्रायर आणि तेल अडवणारा फिल्टर नसेल तर एअर बेअरिंगला रामराम. दाबही उगाच चढवू नका, १ बार कमी केला तर वीज साधारण ७ टक्के वाचते.

घाटमाथा: विषय प्रशिक्षणाचा होता ना?

कॉम्प्रेसरकाका: मग हेही शिकवा. आणि पीव्हीसी निघालाच आहे तर लेझर कटरमध्येही घालू देऊ नका. हायड्रोजन क्लोराइड निघतो, आधी माणसांचे घसे धरतात, मग यंत्राच्या रेल गंजतात. कटरच्या दारावरच चालणाऱ्या मालाची यादी लावा. ॲक्रिलिक चालतं. रेक्झिन नाही, ते बहुतेक पीव्हीसीच असतं.

लेथवाला: बरं बाबा, सीएमएमला भिंत घ्या. तुमच्या ३५ मायक्रॉनांपुढे आमचं काय चालणार! पण भिंतीत खिडकी हवी, आणि आठवड्यातले ठरावीक तास शिकाऊंच्या नावावर. वहीत लिहून, तोंडी नाही.

मायक्रॉन: खिडकी चालेल. हॉलच्या बाजूला, दुहेरी काचेची; उन्हाकडे तोंड असेल तर नाही. तासांचंही मान्य, पण जॉब आदल्या संध्याकाळी आत आणून ठेवायचा. गरम जॉब घेऊन आलेल्याची पाळी रद्द.

लेथवाला: संशोधकाचीसुद्धा?

मायक्रॉन: ...त्याचीसुद्धा.

कॉम्प्रेसरकाका: आणि कॉम्प्रेसर कुठे ठेवणार, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.