अनुभव धागा : सणांची चित्रपुस्तकं, गोष्टीची की माहितीची?

धागाकर्ती
गड्ड्याचे, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचे, पाळणे उभे राहायला लागले की वर्गात प्रश्न सुरू, "बाई, हे खरंच झालंय का?" बालवाडी ते दुसरीला गोष्ट आणि माहिती वेगळी कशी दाखवता? फसतं तेही लिहा. माझ्याकडून : एकाच सणाची ६ पुस्तकं, ३ गोष्टीची, ३ माहितीची. सण वेगवेगळे घेतले की पोरं सण जुळवत बसतात. ५-६ जणांचा गट, २० मिनिटं बास. आधी नुसत्या मुखपृष्ठावरून अंदाज, मग मधलंच पान उघडायचं, मग अंदाज बदलायची मुभा.

पहिलीचा वर्ग
मधल्या पानाला +१. माहितीचं पुस्तक कुठूनही उघडलं तरी कळतं. गोष्टीत 'ती' कोण हे बघायला मागं जावं लागतं.

चाटीगल्ली
"फोटो म्हणजे माहिती, चित्र म्हणजे गोष्ट" असं कृपया सांगू नका. आकाशकंदील कसा करायचा याच्या पुस्तकात सगळी चित्रंच असतात. "प्राणी बोलला की गोष्ट" हेही अर्धंच. मुलगी आजोबांबरोबर जत्रेला गेली, कुणी उडालं नाही, जादू नाही, की अख्खा गट ते माहितीत टाकतो. तिथं विचारायचं, "हिचा फुगा फुटला, हे कुठं जाऊन तपासायचं?" नंदीध्वज, म्हणजे यात्रेतल्या उंच सजवलेल्या काठ्या, सात आहेत हे मिरवणुकीत मोजता येतं. फुग्याचं काय करणार!

पूर्वभागकर
आमच्याकडं निम्म्या घरात तेलुगू. "कथा, निजमा?" (गोष्ट की खरं?) विचारलं की लगेच उत्तर येतं, मराठीत विचारलं की नुसतं बघत राहतात. दसऱ्याला बतुकम्माचं, म्हणजे तेलुगू घरांतल्या फुलांच्या सणाचं, पुस्तक घ्या, फुलं कशी रचतात ते मुलींना घरचंच माहीत असतं.

दुसरी_ब
तीळ स्वतः बोलून लाडवाची कृती सांगतोय, अशा पुस्तकाचं काय करता ओ?

चाटीगल्ली
@दुसरी_ब ताई, पान फळ्यावर दोन भागांत करा. तीळ "आई गं" म्हणाला ते एकीकडं, मंद आचेवर तडतडला ते दुसरीकडं. पुस्तक कुठल्या ढिगात यावर भांडू नका, वाक्यं वेगळी करा.

शेंगाचटणी
तीळ जास्त भाजले की कडू होतात बरं का. अर्धा किलो तिळाला अर्धा किलो चिक्कीचा गूळ. पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी झाली पाहिजे. पाकाजवळ पोरं नकोत, वळायला बोलवा.

तळ्याकाठी
ज्यांची ही गड्ड्याची यात्रा, त्या सिद्धरामेश्वरांचं पुस्तक दोन ढिगांत बसत नाही. बाराव्या शतकात ते होऊन गेले, वचनं लिहिली, हा इतिहास. कुंभारकन्येला त्यांच्याशी लग्न करायचं होतं, मग योगदंडाशी विवाह लागला, ही आख्यायिका. यात्रेत त्या विवाहाच्या अक्षता संमती कट्ट्यावर पडतात हे आजही बघता येतं. म्हणून तिसरी टोपली, 'लोक सांगत आले'. नरकासुर, होलिका तिथंच. त्या गोष्टी 'रचलेल्या'त टाकल्या की दुसऱ्या दिवशी पालक दारात, आणि 'माहिती'त टाकल्या की शिकवण्याचा उपयोगच काय? पाच वर्षांच्या मुलांना मात्र आधी दोनच टोपल्या. तिसरी पहिलीच्या दुसऱ्या सत्रात.

पहिलीचा वर्ग
तिसरी टोपली उचलली 🙏

कॅलेंडरवाला
माहितीचं पुस्तक चुकतंही, हे कोण सांगणार? "संक्रांतीपासून दिवस मोठा होतो" असं बऱ्याच पुस्तकांत असतं. सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. कॅलेंडरमधली सूर्योदय-सूर्यास्ताची वेळ दुसरीच्या मुलांकडून लिहून घ्या, २० डिसेंबर ते १५ जानेवारी. सूर्योदय तेव्हाही उशिराच होत जातो, त्यामुळं मुलं "दिवस लहानच होतोय" म्हणतात. दोन्ही वेळांमधलं अंतर काढायला लावा.

दुसरी_ब
हे भारी. वजाबाकी पण झाली.

धागाकर्ती
पुस्तकं आणता कुठून? शाळेत पैसे नाहीत हे गृहीत धरा.

पूर्वभागकर
प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर, मराठी पुस्तकं फुकट उतरवता येतात. आडवी पानं पाठपोट छापताना 'छोट्या कडेवर पलटा' निवडा, नाहीतर मागचं पान उलटं येतं. कण्यावर रंगीत चिकटपट्टी लावायची तर वर्गवारी संपल्यावर. आधी लावली की पोरं पट्टी वाचतात, पुस्तक नाही.

शेंगाचटणी
पट्टी इलेक्ट्रिकची घेऊ नका, उन्हाळ्यात गोंद सुटून पुस्तकं एकमेकांना चिकटतात. कापडी घ्या. आणि गड्ड्यात यंदा भाजलेलं कणीस मिळालं का कुणाला? 😄

चाटीगल्ली
हे कुठल्या टोपलीत टाकू?