लायनर चार वर्षांत फाटला, आता जाड घेऊ का?

पाणघोडा:
जमिनीवर उभा करतात तसला गोल पोहण्याचा तलाव आहे. व्यास १८ फूट, पत्र्याची भिंत ४ फूट, आत व्हायनिलचा लायनर, म्हणजे पाणी धरून ठेवणारं प्लास्टिकचं अस्तर. चारच वर्षं झाली आणि तळाशी, भिंत जमिनीला टेकते तिथे, वीतभर चीर पडली. पाण्याखाली चिकटणारं ठिगळ लावलं, तर पंधरवड्यात शेजारीच दुसरी चीर. बाष्पीभवनाची शंका नको म्हणून शिडीच्या पायरीवर बादली भरून ठेवली. २४ तासांत बादलीतलं पाणी अर्धा सेंटीमीटर उतरलं, तलावातलं चार. म्हणजे गळतोच आहे.

आताचा २० मिलचा आहे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). ३० मिलचा घेतला तर टिकेल ना? आणि हे काम घरच्या घरी होतं का? आम्ही दोघं आणि कॉलेजातला मुलगा, एवढंच मनुष्यबळ.

निळाई:
जाडच घ्या. फक्त 'गेज' लिहिलेलं असेल तर ते मिलच असेल असं समजू नका, नीट विचारून घ्या.

पोहरा:
थांबा, पैसे इतक्यात घालू नका. रोग कुठे आहे ते तुम्हीच लिहिलंय: 'भिंत जमिनीला टेकते तिथे'. तिथे आतून वाळूचा किंवा फोमचा गोलसर उतार लागतो, त्याला कोव्ह म्हणतात. तुमच्याकडे तो एक तर घातलाच नसेल किंवा वाहून गेला असेल. साडेतीन फूट पाणी तळाच्या दर चौरस मीटरवर टनभराहून जास्त भार टाकतं. कोपरा रिकामा असला की पाणी लायनरला भिंतीखालच्या फटीत ढकलतं. मग २० मिल काय नि ३० काय, थोडं उशिरा फाटेल इतकंच.

काम घरी होतं. मी दोनदा केलंय. पहिल्यांदा माती केली, म्हणून दुसऱ्यांदा करावं लागलं.

पाणी काढा, वरचे कठडे आणि पट्ट्या उतरवा, जुना लायनर कापून पट्ट्यांनी बाहेर घ्या. पण वाऱ्याच्या दिवशी अजिबात नको. कठडे काढलेली रिकामी भिंत म्हणजे नुसता पत्रा, एका झुळकीत दुमडते. मग तळ. सगळा जीव इथे ओता. वाळू चाळा, ओली करा, धुम्मस करून दाबा, गुडघ्यावर बसून हात फिरवा. हाताला टोचलं ते लायनरला टोचणारच. नागरमोथा दिसला तर गाठीसकट उपटा, त्याचा कोंब व्हायनिल भोसकून वर येतो. मी हसलो होतो हे ऐकून. मग दुसऱ्या वर्षी तळाला हिरवी सुई दिसली. शेवटी कडेने १५ ते २० सेंटीमीटर उंचीचा उतार घट्ट बसवून घ्या.

लायनर ऊन असेल त्या दिवशी घाला. थोडा वेळ उन्हात उलगडून ठेवला की मऊ पडतो, फार तापवायचा मात्र नाही. तळ आणि बाजू जोडणारी शिवण उतारावर सगळीकडे सारख्या उंचीवर यायला हवी. ती एका बाजूला वर चढलेली दिसली तर पाणी सोडायच्या आधीच सरकवा. नंतर बैल लावले तरी हलत नाही.

माझी माती कुठे झाली ते सांगतो. स्किमरचं, म्हणजे भिंतीतल्या ज्या तोंडातून वरचा कचरा ओढला जातो त्याचं, भोक मी उत्साहात आधीच कापलं. पाणी चढलं, लायनर ताणला आणि भोक चार बोटं खाली. अख्खा नवा लायनर वाया. पाणी भोकाच्या चार बोटं खाली येईपर्यंत चाकूला हात लावू नका. आणि स्किमरचे, पाणी परत येतं त्या तोंडाचे रबरी गॅस्केट नवेच घाला.

निळाई:
बरोबर, कोव्हचं माझ्या डोक्यातच आलं नाही. लायनर भिंतीवरून बाहेर लोंबणारा आहे की वरच्या पन्हळीत अडकवायचा?

पाणघोडा:
लोंबणारा, वरून प्लास्टिकच्या पट्ट्या. आज उघडलं. पोहरा, तुमच्या तोंडात साखर पडो! चीर होती त्या बाजूला हातभर लांब उतारच नाही, नुसती पोकळी. आतून पत्र्यावर गंजाचा तळहाताएवढा डागही आहे.

पोहरा:
गंज खरवडा, गंजरोधक रंग लावा, पूर्ण वाळू द्या. पत्रा आरपार खाल्ला असेल तर मात्र रंगाने भागणार नाही. भिंतीच्या जोडावर बोल्टची रांग असेल, तिच्यावर रुंद चिकटपट्टी मारा. लायनर लोंबणाराच घ्या. तळ उन्नीस-बीस असला तरी वरून ओढून जमवता येतो. पन्हळीतल्याला ती मुभा नाही. २० मिल पुरे.

पाणघोडा:
आज पाणी सोडलं. तळाला दोन इंच असताना तिघं अनवाणी फिरून सुरकुत्या भिंतीकडे लोटल्या. स्किमरच्या तोंडातून भिंत आणि लायनरच्या मधे व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप घातला, बाकीच्या फटी चिकटपट्टीने बंद केल्या, तर लायनर चटकन भिंतीला चिकटला. एक सुरकुती राहिलीय शिडीखाली, पायाला लागते. पाणी ढोपरापर्यंत आलंय. उपसून काढू का?

पोहरा:
राहू दे. चाकू कुठाय?

पाणघोडा:
बायकोने लपवलाय.