उत्तर: सीहॉर्सच्या (समुद्रघोडा माशाच्या) शेपटीवरचा पांढरा चट्टा
शेपटीच्या टोकाला पांढरा चट्टा आणि सुटणारी कातडी, यावर मुख्य टाकीतच टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक टाकायचं इथे कुणीतरी सुचवलंय. तसं करू नका. खाऱ्या पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम या औषधाला बांधून टाकतं, त्यामुळे जखमेपर्यंत फारसं काही पोचतच नाही. वर फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मरायची भीती.

मासा वेगळ्या टाकीत हलवा. वाळू नको, शेपूट अडकवायला प्लास्टिकची एखादी फांदी पुरे. क्षारता मुख्य टाकीइतकीच ठेवा. तापमान मात्र हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरवा (उष्ण समुद्रातल्या जातींना थोडे दिवस चालतं). बहुतेकदा दोषी असतो व्हिब्रिओ हा जीवाणू, आणि तो उबेत झपाट्याने वाढतो. म्हणून एरवीही २४च्या वर जाऊ देऊ नका. माझ्या मते निम्मा आजार तिथेच टळतो.

औषध नायट्रोफ्युराझोन (हेही जीवाणू मारणारं) असेल तर टाकीवर कापड टाका, ते उजेडात निकामी होतं. फिल्टरमधला कार्बन आणि यूव्ही (अतिनील) दिवा बंद. रोज निम्मं पाणी बदला, अमोनिया तपासा आणि बदललेल्या पाण्यापुरतंच औषध परत घाला. चट्टा फिका पडला म्हणून कोर्स अर्धवट सोडू नका. मासा खातच नसेल तर मात्र जलचरांच्या डॉक्टरांना गाठा.

मूळ कारणही शोधा: उघडा हीटर, पंपाचं तोंड, डंख मारणारं प्रवाळ. सीहॉर्सला खवले नसतात, हाडांच्या कड्यांवर नुसती पातळ कातडी. एक ओरखडाही पुरतो. उरलेले मायसिस (खाद्य म्हणून दिलेले कोळंबीसारखे बारीक जीव) तासाभरात काढून टाका.