घरच्या बागेत देशी झाडांचाच आग्रह धरावा का?

रानजाई:
दोन वर्षांपूर्वी कुंपणालगतची बोगनवेल काढून तिथे रुई लावली. बोगनवेलीवर मला कधी एक अळी दिसली नव्हती. आता रुईच्या पानांमागे काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या सापडतात. माझं स्पष्ट मत आहे, घरच्या बागेत निम्म्याहून जास्त झाडं आपापल्या भागातली हवीत. मध फुलपाखराला बऱ्याच फुलांत मिळतो, अळी मात्र ठरावीक पानांवरच जगते. नुसती फुलं लावली तर ती पाणपोई झाली. वस्तीला जागा कुठाय?

कुंडीवाला:
नाही पटलं. माझ्या झिनियावर सकाळभर फुलपाखरं असतात आणि झिनिया मूळची मेक्सिकोकडची. पेरूही अमेरिकेतूनच आला, बुलबुलांना त्याचं काही सोयरसुतक नाही. उलट तुमच्या देशी अळ्यांनी माझं कुंडीतलं लिंबू आठवड्यात बोडकं केलं. जागा असेल त्यांनी खुशाल रान वाढवावं, माझ्याकडे सहा कुंड्या आहेत.

रानजाई:
पेरू तोडा असं कोण म्हणतंय? आणि लिंबू मेलं का? मुळं धड असतील तर पुन्हा पालवी फुटते. त्या अळ्या एकदा जवळून बघा. लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारख्या, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. बोट लावलं की डोक्यामागून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर येतं, त्याला उग्र वास असतो. शिंजीर मधावर जगतो असं आपण म्हणतो, पण पिलांना तो किडे आणि कोळी भरवतो. झाडावर औषध मारलं की त्या पिलांच्या तोंडचा घास जातो.

ओंजळ:
कुंडीवाला, फुलपाखरं येतात एवढंच बघायचं तर घाणेरीही लावावी लागेल. तीही अमेरिकेतलीच, पण तिची फळं पक्षी खातात, बी रानात पडतं आणि तिच्या जाळीखाली दुसरं काही धड वाढत नाही. झिनिया तसा त्रास देत नाही, ती ठेवा.
पण रानजाई, रुईबद्दल मी तुमच्या विरोधात आहे. तिचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. लहान मुलं असलेल्या घरी हे झाड सुचवू नका.

कुंडीवाला:
हे आधी सांगायला हवं होतं. आणि पक्ष्यांसाठी पाणी ठेवा म्हणतात, त्यातल्या डासांचं काय?

ओंजळ:
दर दोन दिवसांनी पाणी ओतून भांडं आतून घासायचं. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटून राहतात, नुसतं पाणी बदलून भागत नाही.

रानजाई:
चिकाचं मान्य, ते मी लिहायला हवं होतं. छाटणी करताना मी हातमोजे आणि चष्मा घालते, पण मुलांच्या हाताशी रुई नकोच. कुंडीवाला, तुम्ही सहातल्या एका कुंडीत कढीपत्ता लावा. लिंबावर अळ्या जास्त झाल्या की दोन-चार उचलून त्यावर सोडा, ती पानंही त्यांना चालतात.

कुंडीवाला:
एक कुंडी देतो. झिनिया हलणार नाही.