प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी या आणि हातभार लावा

इथे कुणीतरी विचारलंय की सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा येत नसेल तर झुर्नल++ च्या, म्हणजे पेनने हाताने नोट्स लिहायच्या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या, कामात मदत कशी करायची. मी ठाण्यात गणिताच्या शिकवण्या घेतो, रोज पेन-टॅब्लेटवर त्यातच लिहितो, म्हणून सांगतो.

सगळ्यात जास्त गरज आहे ती नीट तपासणाऱ्यांची. त्यातही देवनागरी लिहिणाऱ्यांची! चुकून झालेला स्पर्श टाळायला अगदी छोट्या रेघा सोडून द्यायची सोय यात आहे. ती चालू करून 'चिंच' लिहून बघा, अनुस्वाराचा टिंब कधीकधी खाल्ला जातो. रोमन लिपीत i, j वरच्या टिंबांचंही असं होऊ शकतं, पण देवनागरीत अनुस्वार गेला तर शब्दच बदलतो.

असं काही आढळलं की गिटहबवर (जिथे याचं कोड ठेवलंय आणि दोष नोंदवता येतात त्या साइटवर) झुर्नल++ ची आवृत्ती, लिनक्स की विंडोज, लिनक्स असेल तर वेलँड की एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या तिथल्या दोन प्रणाली), कुठला पेन आणि नेमकं काय केल्यावर घडलं ते लिहा. जमल्यास .एक्सओपीपी फाइल, म्हणजे झुर्नल++ मध्ये सेव्ह केलेली वही, जोडा. ती म्हणजे जीझिपने दाबून लहान केलेलं एक्सएमएल, म्हणजे वाचता येईल असा मजकूर. उघडलं की प्रत्येक रेघेचे बिंदू दिसतात, त्यामुळे डेव्हलपरला दोष शोधणं सोपं जातं. विद्यार्थ्यांची नावं असलेली पानं मात्र आधी काढून टाका.

सॉफ्टवेअरमधल्या मजकुराचं भाषांतर क्राउडिन या वेबसाइटवर चालतं, तेही करता येईल. नवी मुंबईत ऐरोली-घणसोलीकडे बरीच आयटीवाली मंडळी आहेत, त्यांनी कोडकडे बघावं ही मनापासून विनंती.